खुणांचा मेळ: जुनी ब्रँडेड बॅग पारखायची कशी?

लक्ष्मी रोडवर सोन्याची बांगडी घ्यायला गेलात तर त्या दिवशीचा भाव ठरलेला असतो. घासाघीस होते ती घडणावळीवर. शुद्धतेचा प्रश्नही बराचसा सुटलेला असतो, कारण जून 2021 पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक मोबाइलवर तपासता येतो. आता त्याच पैशात शनेलची जुनी पर्स घ्यायची म्हणा. रोजचा भाव कुठे छापून येत नाही. अस्सलपणा तपासणारी सरकारी संस्था नाही. आणि ज्यांनी ती बनवली ते शनेल किंवा लुई व्हिटॉनवालेसुद्धा तिसऱ्याकडून घेतलेल्या बॅगेला ‘हो, ही आमचीच’ असा दाखला सहसा देत नाहीत.

मग आपण काय करतो, तर एखादी खूण शोधतो. आत नंबर आहे का? बिल आहे का? डस्ट बॅग, म्हणजे बॅग ठेवायची कापडी पिशवी, दिली का? फसगत होते ती इथेच. नंबर, बिल, डबा, रिबन, कापडी पिशवी यांतली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी बनवून मिळते. नकली माल करणाऱ्याला जड जातं ते या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळवणं. नंबर ज्या सालचा, कातडं त्या काळचं. कातडं जेवढं जुनं, कड्या तेवढ्याच वापरलेल्या. आणि मुळात ते मॉडेल त्या साली निघालेलं होतं का? अस्सल बॅगेत या सगळ्यांची साक्ष एकच येते.

नंबर काय सांगतो

लुई व्हिटॉनपासून सुरुवात करू, कारण पुण्यात जुन्या बॅगांत सगळ्यात जास्त तीच हातात येते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून मार्च 2021 पर्यंत या बॅगांच्या आत एक छोटा कोड असायचा. कधी कातड्याच्या जिभेवर, कधी थेट अस्तरावर ठसा. 1990 पासून त्याचं रूप ठरून गेलं: दोन अक्षरं आणि चार आकडे. अक्षरं कारखान्याची. आकडे मात्र एकाआड एक वाचायचे. 2006 पर्यंत पहिला आणि तिसरा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. समजा कोड आहे ‘व्हीआय 0968’. पहिला आणि तिसरा 06, म्हणजे जून. दुसरा आणि चौथा 98. तर ही जून 1998 ची बॅग, फ्रान्समधल्या कारखान्यातली. 2007 पासून महिन्याऐवजी आठवडा आला. ‘3124’ म्हणजे 2014 चा 32 वा आठवडा.

आता कोणीतरी तुम्हाला ‘नेव्हरफुल’ दाखवतंय, तीच मोठी, वरून उघडी, ऑफिसला नेतात ती. आत कोड 0968. कोड अगदी सुबक आहे, ठसा स्वच्छ आहे, अक्षरं बरोबर आहेत. फक्त नेव्हरफुल बाजारात आली 2007 मध्ये. 1998 ची नेव्हरफुल जगात असूच शकत नाही. तिथे पुढचं बघायची गरजच उरत नाही. तसंच पहिला-तिसरा आकडा मिळून 57 येत असेल तर वर्षात तेवढे आठवडेच नसतात. आणि ‘2022 मध्ये नवी घेतली, आत कोड आहे’ असं कोणी सांगितलं तर तेही जुळत नाही, कारण 2021 मध्ये कंपनीने कोड बंद करून आत मायक्रोचिप घालायला सुरुवात केली.

हा कोड त्या एका बॅगेचा ओळख क्रमांक नसतो हेही लक्षात ठेवा. एका कारखान्यात एका आठवड्यात बनलेल्या कितीतरी बॅगांवर तोच असतो. त्यामुळे ‘नंबर ऑनलाइन टाका, लगेच कळेल’ असं सांगणारा विक्रेता एक तर अजाण आहे किंवा तुम्हाला अजाण समजतोय.

शनेलचं वेगळं आहे. तिथे 1980 च्या दशकाच्या मध्यापासून आत स्टिकर यायचा आणि तोच नंबर एका कार्डावर असायचा. साधारण 2005 पर्यंत सात आकडी, नंतर आठ आकडी, 2021 मध्ये तेही गेलं आणि चिप आली. म्हणजे ‘आईची, नव्वदच्या दशकातली’ म्हणून दाखवलेल्या पर्समध्ये आठ आकडी स्टिकर निघाला तर ती आई कोणाची हे विचारायला हरकत नाही. उलट, स्टिकर नाही एवढ्यावरून बॅग नकली ठरत नाही. गोंद वाळतो, तीस वर्षांत स्टिकर गळून पडतो. अशा वेळी बाकीच्या खुणांवर जास्त भार येतो. कुलपावरचे दोन ‘सी’ बघा: वरच्या बाजूला उजवा ‘सी’ डाव्याच्या वरून जातो, खालच्या बाजूला डावा उजव्याच्या वरून. कातडं चौकटी-चौकटी शिवलेलं असतं, त्या तिरक्या रेषा मागच्या खिशावरून बॅगेच्या अंगावर खंड न पडता जायला हव्यात. पिवळ्या कड्या-साखळ्यांना 2008 च्या सुमारापर्यंत खऱ्या सोन्याचा मुलामा असायचा, म्हणून त्या काळच्या चांगल्या राखलेल्या बॅगांना आजही जास्त भाव मिळतो.

एर्मेस या आणखी महाग फ्रेंच घराण्याच्या बॅगांवर वर्षाचं अक्षर ठोकलेलं असतं: 1971 ते 1996 वर्तुळात, 1997 ते 2014 चौकोनात, 2015 पासून नुसतं अक्षर. पण एर्मेसच्या वाटेला आपल्यातले फार थोडे जाणार, म्हणून तिथे थांबत नाही.

उलटी अक्षरं

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी त्यांच्या नणंदेने जपानहून आणलेली जुनी ‘स्पीडी’ समोर ठेवली. डमरूसारखी नव्हे, लोडासारखी गोल बसकी बॅग, दोन छोटे बंद.

“ही डुप्लिकेट आहे का गं? नीट सांग, मी वन्संना काही बोलणार नाही.”

“कशावरून वाटलं, काकू?”

“अगं बघ ना, पुढच्या बाजूला एलव्ही सरळ आहे आणि मागे सगळं उलटं. शिवणाऱ्याला एवढंही कळू नये?”

शिवणाऱ्याला कळलेलं असतं. मोनोग्रामच्या, म्हणजे एलव्ही अक्षरं आणि फुलं छापलेल्या स्पीडीचं अंग अखंड एका पट्टीचं असतं. पट्टी पुढून खाली येते, तळाखालून वळते आणि मागून वर जाते, मध्ये जोड नाही. त्यामुळे एका बाजूची अक्षरं उलटी येणारच. जिला काकू खोट समजत होत्या ती उलट अस्सलपणाच्या बाजूने बोलणारी खूण होती. त्या एका खुणेवर मीही निकाल दिला नाही. बंद बघितले, कोड बघितला, चेन ओढून बघितली, मग सांगितलं.

बंद का बघितले ते सांगायला हवं. लुई व्हिटॉनची तपकिरी छापाची बॅग कातड्याची असते असा बहुतेकांचा समज असतो. ती कातड्याची नसते. ते सुती कॅनव्हास असतं, वर प्लॅस्टिकचा थर दिलेला. या घराण्याची सुरुवात 1854 मध्ये पॅरिसला प्रवासी पेट्या बनवण्यापासून झाली आणि पेटीला पाणी लागू नये ही मूळ गरज होती. चौकटींची नक्षी 1888 ची, फुलांची मोनोग्राम 1896 ची; नकलांचा त्रास तेव्हाही होता, म्हणून तर ही नक्षी काढली. कातडं असतं ते बंदांना, कडांना आणि जिभेला. तेही कच्चं, रंग न दिलेलं. नवं असताना ते जवळजवळ दुधी दिसतं आणि हाताचं तेल, ऊन, हवा लागून हळूहळू मधासारखं होतं, पुढे गडद तपकिरी. त्यामुळे 1998 चा कोड आणि बंद मात्र कोरे गोरे असं दिसलं तर दोनच शक्यता: बंद बदललेत किंवा गोष्ट बनावट आहे. बदलले असतील तर तसं सांगायला हवं, आणि कंपनीतून बदलले असतील तर त्याचा कागद असायला हवा. पिकलेपणा सगळीकडे एकसारखा नसतो हेही बघा. जिथे हात पडतो तिथे जास्त, बंद जिथे दुमडून कडीत जातो तिथे कमी. चहाच्या पाण्याने किंवा रंगाने जुनं केलेलं कातडं सगळीकडे सारखंच तपकिरी होतं.

टाके

शिवण बघताना लोक ‘टाके सरळ आहेत ना’ एवढंच बघतात. यंत्राचे टाकेही सरळच असतात. यंत्रात वरचा आणि खालचा असे दोन दोरे असतात आणि ते प्रत्येक भोकात एकमेकांना अडकवलेले असतात. एक तुटला की ओढ लागून शिवण उसवत जाते. एर्मेस 1837 मध्ये घोड्यांचं खोगीर-लगाम बनवणारं दुकान म्हणून सुरू झालं, आणि तिथली शिवण आजही त्या कामातली आहे: मेण लावलेला एकच लिननचा दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जातात. एका बाजूचा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूने तोच दोरा पकडून ठेवतो. हाताच्या त्या टाक्याला किंचित तिरपेपणा असतो. सगळे टाके पट्टीने आखल्यासारखे सपाट असलेली एर्मेसची ‘केली’ बॅग कोणी दाखवली तर सावध व्हा. बाकी बहुतेक घराण्यांच्या बॅगा यंत्रावरच शिवतात, त्यात कमीपणा काही नाही. तिथे टाक्यांची लांबी सारखी आहे का आणि दोन्ही बंदांच्या मुळाशी तितकेच टाके आहेत का एवढं बघितलं तरी पुरे.

पुण्याची हवा

हे कोणी सांगत नाही, आणि पैसे यातच बुडतात. 1980-90 च्या दशकांतल्या कितीतरी उत्तम, शंभर टक्के अस्सल बॅगांचे आतले खिसे हात लावला की बोटाला चिकटतात. काळपट पिवळा चिकटा येतो, पापुद्रे सुटतात. ही घाण नसते, पुसून जात नाही. अस्तरावर पॉलियुरेथेनसारख्या कृत्रिम पदार्थाचा थर असतो, आणि हवेतली बाष्पाची आर्द्रता त्या पदार्थाच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडत जाते. साखळी तुटली की घट्ट थर मऊ, चिकट होतो. याला उलट फिरवणारा उपाय नाही. अस्तर काढून नवं घालावं लागतं, आणि अस्तर बदललं की संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही रासायनिक क्रिया जोरात चालते. वर बुरशी. लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून, शेजारी डांबरगोळ्या टाकून ठेवलेली बॅग म्हणजे सगळं एकदम चुकलेलं आहे. प्लॅस्टिक दमटपणा आत कोंडतं, आणि डांबरगोळ्यांचा वास कातड्यात असा बसतो की पुढचा गिऱ्हाईक डबा उघडताच मागे सरकतो. जुनी सुती साडी किंवा पंचा फाडून आत बोळा भरा, वरून सुती पिशवी, सोबत सिलिका जेल. वर्तमानपत्र भरू नका, शाई फिकट अस्तराला लागते. पावसाळ्यात दर थोड्या दिवसांनी बॅग बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, आणि कच्च्या कातड्याचे बंद असतील तर पावसात ती घेऊन बाहेर पडूच नका. थेंब पडला की डाग राहतो.

म्हणून फोटोवरून जुनी बॅग घेणार असाल तर विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: आतल्या खिशाचा उलटा करून काढलेला फोटो, चार कोपऱ्यांचे जवळून फोटो, आणि खिशात बोट घालून बाहेर काढतानाचा व्हिडिओ. तिसरी मागणी ऐकून समोरचा हसेल. हसू द्या. वासाबद्दल लेखी विचारा, कारण वास फोटोत येत नाही. जपानी विक्रेते बॅगेला ए, एबी, बी अशी श्रेणी देतात आणि साधारणपणे कडक देतात. तिथली ‘बी’ आपल्याकडच्या ‘लाइक न्यू’पेक्षा बरी असू शकते. पण ही श्रेणी बहुधा बाहेरच्या रूपावर ठरते, चिकटपणाचा उल्लेख खाली बारीक अक्षरांत असतो.

किंमत कशाची आणि कर किती

2024 मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिऑरच्या एका उत्पादन कंपनीवर देखरेख बसवली. त्या प्रकरणातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं की दुकानात सुमारे 2,600 युरोला विकली जाणारी एक बॅग जोडून देण्यासाठी कंत्राटदाराला 53 युरो दिले जात होते. त्यात कातड्याचे पैसे नव्हते, दुकानाचं भाडं नव्हतं, जाहिरात नव्हती, हे मान्य. तरीही आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नव्या बॅगेच्या किमतीतला मोठा भाग नावाचा असतो, आणि दुकानाच्या दाराबाहेर पडताच बहुतेक बॅगांचा हाच भाग सगळ्यात आधी गळतो. जुनी घेण्यातलं शहाणपण इथे आहे: तो तोटा पहिल्या मालकिणीने सोसलेला असतो.

‘पण बर्किनची किंमत वाढते ना?’ हा प्रश्न हमखास येतो. एर्मेसच्या बर्किन आणि केली, शनेलच्या काही ठरावीक बॅगा भाव धरून राहतात, खरं आहे. जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात पहिलीवहिली बर्किन 86 लाख युरोंना गेली. पण ती जिच्यावरून बॅगेला नाव पडलं त्या अभिनेत्री-गायिका जेन बर्किन यांच्यासाठी बनवलेली, त्यांनी स्वतः वापरलेली होती. त्या बातमीवरून स्वतःच्या पर्सचा भाव काढणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की विकायला जाल तेव्हा मधला दुकानदार आपला वाटा कापून घेईल, कोपरा घासलेला दाखवेल, आणि तुम्ही म्हणाल त्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. वापरायची हौस असेल तर घ्या, मुदत ठेवीला पर्याय म्हणून नको.

कराचं थोडक्यात. वापरलेल्या वस्तूंचा नोंदणीकृत व्यापारी, त्याने खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल तर, जीएसटी पूर्ण किमतीवर न भरता फक्त आपल्या नफ्यावर भरू शकतो. एक लाखाला घेतलेली बॅग तो एक लाख वीस हजारांना विकत असेल तर कर वीस हजारांवर. तेव्हा ‘किंमत अमुक, वर अठरा टक्के’ असं कोणी म्हणालं तर हिशोब विचारा. दहा लाखांपेक्षा महाग हँडबॅगेवर विक्रेता 22 एप्रिल 2025 पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळी आगाऊ घ्यायचा कर, किमतीवर वसूल करतो. तो प्राप्तिकरात वळता होतो.

परदेशातून आणायची असेल तर फ्रान्समध्ये शंभर युरोंपेक्षा जास्त खरेदीवर पर्यटकाला करपरतावा मिळतो. तिथला व्हॅट 20 टक्के असला तरी मधल्या कंपनीचा हिस्सा जाऊन हातात साधारण 12 टक्के पडतात. पण परत येताना आपला कस्टम बसलेला आहे. फेब्रुवारी 2026 च्या सुरुवातीपर्यंत लागू असलेल्या 2016 च्या बॅगेज नियमांतली 50,000 रुपयांची सूट आणि तेव्हाचं 38.5 टक्के शुल्क धरून हिशोब करू: दीड लाखाची बॅग, तिकडे 18,000 परत मिळाले, इथे उरलेल्या एक लाखावर 38,500 भरले. बॅग पडली 1,70,500 ला. स्वस्ताईच्या गप्पा कुठे गेल्या? या मर्यादा बदलत असतात, निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर बघा. नवी बॅग खांद्याला लावून आलं की ती ‘वापरातली’ होते ही समजूत अधिकाऱ्यासमोर टिकत नाही. स्वतःची महागडी बॅग इथून घेऊन जात असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून तसा दाखला करून घ्या, येताना वाद नको. मगर-अजगराच्या कातड्याची असेल तर साइट्स कराराचा, म्हणजे वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना लागतो. तो नसेल तर बॅग जप्त होऊ शकते.

घ्यायची कोणाकडून

फॅशन स्ट्रीटवरचा विक्रेता ‘फर्स्ट कॉपी आहे, मॅडम’ असं तोंडावर सांगतो. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं 1999 च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते, हे खरंच. पण तिथे निदान गिऱ्हाईक अंधारात नसतं. धोका जास्त आहे तो कोरेगाव पार्क-बाणेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या ‘दुबईहून गिफ्ट आली, वापरली नाही, बिल हरवलं, निम्म्या किमतीत’ या जाहिरातीत. ती बॅग खरी असूही शकते. पण खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या मालाबद्दल ग्राहक आयोगात जाणं कठीण. व्यापाऱ्याकडून पक्क्या बिलाने घेतली असेल तर जिल्हा आयोग 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार ऐकतो. बिलावर नुसतं ‘लेडीज बॅग’ नको. नाव, मॉडेल, आतला कोड, ‘अस्सल’ हा शब्द आणि नकली निघाल्यास पैसे परत ही अट लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्या तोंडच्या हमीला अर्थ नाही.

पहिलीच जुनी बॅग घेणार असाल तर माझं मत विचाराल तर ना लुई व्हिटॉन ना शनेल. 1970 ते 90 च्या दशकांतली अमेरिकन कोच बघा. ही कंपनी 1941 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. बॅग बंद करायची पितळेची फिरती कडी तिथे आणली ती 1962 मध्ये आलेल्या बॉनी कॅशिन या डिझायनरने. त्या जुन्या बॅगा जाड, मऊ गाईच्या कातड्याच्या, कड्या भरीव पितळेच्या, आणि बहुतेकींना आत अस्तरच नसतं. अस्तर नाही म्हणजे चिकटा नाही. आत शिवलेल्या चामडी चौकटीवर मजकूर आणि नंबर ठोकलेला असतो, तो छापलेला नको, कातड्यात दबलेला हवा. बोट फिरवलं की खोलगट लागतो. बुरशीचा पांढरा थर आलाच तर कोरड्या कापडाने घराबाहेर पुसून, सावलीत वाळवून, कातड्याचं क्रीम हलक्या हाताने चोळायचं. पट्टा उसवला तर कोपऱ्यावरच्या मोच्याकडूनही शिवून आणता येतो, फक्त दोरा जाड आणि त्याच रंगाचा द्यायला सांगा, आणि चकाकीसाठी बुटाचं पॉलिश लावू नको म्हणून आधीच बजावा.